एनिडचे केस

लाऊथ, लिंकनशर
रविवार, १० नोव्हेंबर १९६८

प्रिय म्युरिएल,

तू खुशाल असशील, आणि माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्याही पडल्या असतील. आईच्या घड्याळावरून तू आणि एनिड अशा दोघी बहिणींनी अबोला धरलात, त्यात मी कधी पडलो नाही, आजही पडत नाही. इकडे धुकं हटायचं नाव घेत नाही. कोबी बरा आलाय. एनिड इस्पितळातून घरी आली. पोटात अल्सर होता, तो काढला. थोडंथोडं सूप घेते.

मी पहिल्या महायुद्धातल्या एका दुपंखी विमानाचं छोटं मॉडेल जोडायला घेतलंय. वरच्या आणि खालच्या पंखांमधल्या तारा तेवढ्या ओढायच्या राहिल्यात. आमच्या मॉडेल क्लबातले लोक त्यासाठी नायलॉनचा धागा वापरतात. मी लग्नापासून एनिडचा केस वापरतो. केस ओला असतानाच चिकटवायचा, म्हणजे सुकताना आपसूक ताठ होतो. एक टोक माझ्याकडे, दुसरं तिच्या चिमट्यात, आणि वर तिची बोलणी: तारांसाठी बायकोला टक्कल पाडणारा नवरा साऱ्या लिंकनशरात एकच म्हणे.

काल मी शेगडीजवळ बसून सगळे केस कोरडेच चिकटवले. संध्याकाळी दमट हवा आत आली आणि सगळ्या तारा लोंबायला लागल्या. नवशिकासुद्धा असं करणार नाही. एनिडने विमानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला गेली.

म्युरिएल, अल्सर नव्हता. डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. पोट उघडलं, सगळीकडे पसरलेलं दिसलं, तसंच शिवून टाकलं. नाताळ पाहील, पुढचं सांगता येत नाही. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे, बायकोचं दुखणं नवऱ्याला सांगायचं, तिला नाही. चेहरा हसरा ठेवा, म्हणाले. मी ठेवतो, पण आता जीव मेटाकुटीला आलाय. तू ये. काही कामासाठी इकडे आले होते, असं सांग. तिला संशय येता कामा नये.

मंगळवार

पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं.

काल लोंबणाऱ्या तारा काढून पुन्हा बसलो आणि तिच्याकडे केस मागितले. एरवी ती कंगव्यातले देते. काल तिने अंबाडा सोडला, कात्री घेतली आणि मानेजवळून मूठभर जाड बट कापली. मी म्हटलं, अगं, एवढे कशाला?

"कपाटावर न जोडलेल्या विमानांची अजून कितीतरी खोकी पडलीयेत. त्यांना नको का?"

त्यांचं तेव्हा बघू, मी म्हटलं.

"तेव्हा कुठून आणशील, विल्फ?"

एवढंच बोलली. मग केस ओला करून माझ्या हातात दिला आणि दुसरं टोक चिमट्यात धरलं. मला समोरचं काही दिसेना. "हळू ओढ, पंख वाकतोय," ती म्हणाली. मी रडत होतो, म्युरिएल, चांगला हमसून. तिने चिमटा सोडला नाही. ती तार आम्ही पुरी केली.

तेव्हा वर लिहिलेलं ते कामाचं सोंग आणू नकोस. सरळ दार ठोठाव. तिने तुझं नाव काढलेलं नाही, पण काल दुपारपासून ती पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर चादर घालते आहे आणि पुन्हा काढते आहे.

तुझ्या बहिणीचा नवरा, अजून तरी,
विल्फ