कोटाच्या दुकानातला खर्च

१२ ऑक्टोबर, हॉटेलच्या खोलीतून

चि. बाळ्या,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठणठणीत आहे, गुडघेही साथ देताहेत. सहलीतल्या बायका प्रेमळ आहेत, फक्त बसमध्ये फार गातात.

तू दिलेलं कार्ड छान चालतंय. मशीनला टेकवलं की झालं. तीन देश फिरले, पण एकाही नाण्याला हात लागला नाही. तू लहान असताना बाबा इथे नोकरीला होते, तेव्हा पत्रात नाण्यांचे ठसे पाठवायचे, कागदाखाली नाणं ठेवून वर पेन्सिल घासलेली. तू ते कापून दुकान-दुकान खेळायचास. तुला कुठलं आठवायला, तीन वर्षांचा होतास.

काल बँकेने तुला मेसेज पाठवला, हा खर्च तुमचाच का म्हणून, आणि तू लगेच फोन केलास. "आई, आज तर तुमचा किल्ला होता ना? कपड्यांच्या दुकानात काय करतेस?" मी म्हटलं, "मैत्रिणीसोबत आलेय." खोटं होतं ते. एकटीच गेले होते.

बाबा दोन वर्षं जिथे कापड कापायचे, तेच हे दुकान. पत्ता मला पाठ आहे, इतकी पाकिटं लिहिली त्यावर. मालक गेले. आता त्यांची मुलगी बसते, तिचेही केस पिकलेत. मोबाइलवर भाषांतर करत बोललो. बाबांचा फोटो पाहून ती उठूनच उभी राहिली. मला जिन्याने वर घेऊन गेली. एक खोली, आता कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली.

"ही त्याने तुमच्यासाठी घेतली होती," ती म्हणाली. "भिंती स्वतः रंगवल्या. मुलाच्या उंचीला खुंटी ठोकली, त्याचा कोट अडकवायला. तुम्ही का नाही आलात?"

खुंटी अजून आहे रे. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर.

आजीच्या आजारपणाचं निमित्त सांगून मी दोन वर्षं आज-उद्या करत राहिले. खरं तर मी घाबरले होते. परकी भाषा, परकी माणसं, मला जमेल का. शेवटी 'येणारच नाही' असं लिहिलं. महिन्याभरात ते चांगली नोकरी सोडून परत आले. आजीला धडधाकट पाहून काय समजायचं ते समजले. एका शब्दाने विचारलं नाही. लोक म्हणाले, "जमलं नाही वाटतं." ते नुसते हसले. मी तर त्यांच्याहून गप्प.

कॉलेजात असताना तू त्यांना म्हणालास, "तुम्हाला तिथे टिकता आलं नाही, मला शिकवू नका." मी दारातच होते. तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हापासून तुमचं बोलणं 'कसे आहात', 'बरा आहे' एवढ्यावर आलं, आणि मी एकाचे निरोप दुसऱ्याला पोचवत बसले.

कालचा खर्च तुझ्यासाठी शिवायला टाकलेल्या कोटाचा. माप बाबांचं दिलंय, आता तुझंही तेच आहे.

फोनवर सांगायला गेले असते तर पुन्हा काहीतरी थाप मारली असती, म्हणून पत्र. ती खोली मी पाहिली, हे घरी आल्यावर बाबांना माझ्या तोंडानेच सांगेन. पण तू त्याची वाट बघू नकोस. त्यांना फोन कर. माझ्याबद्दल नको, माझ्यामार्फतही नको. त्यांच्याशी बोल. माझ्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागाव.

इतकी वर्षं तुम्हा दोघांच्या मध्ये उभी राहिलेली,

आई