गुरुवारचा पिवळा रंग

१४ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. पिंपरी कॅम्पात गेले होते. कटपीसच्या ढिगात हात घालून बसले आणि शेवटी मिळालाच — गडद निळा, त्यात बारीक उभ्या रेघा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा जेंट्स शर्टचा पीस आहे." म्हटलं, असू दे, मी कुठे शर्ट शिवतेय!

कुर्त्याला उभी रेघ, छातीखाली चुण्या, खाली मोकळा घेर. दोन्ही बाजूंना मोठे खिसे. खिशात हात घातले की पुढचं काय ते कळत नाही. वरून कंपनीचा एप्रन, तोही एक साईज मोठा मागून घेतला. लाइनवरच्या पोरी म्हणतात, आम्रपाली, तुझी स्टाइल भारी हं, एवढ्या स्वस्तात कसं जमवतेस? स्टाइल कसली डोंबलाची! पाचवा लागलाय आणि कुणाला दिसता कामा नये, बस्स.

दिवाळी होईपर्यंत टिकायचं. तोवर ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या कार्डावर दिवस पुरे भरतात, मग बाळंतपणाची पगारी रजा. त्याआधी काढलं तर हातात काही नाही. आणि काढतातच! कॉन्ट्रॅक्टची बाई पोटुशी आहे कळलं की काम कमी होतं एकदम. मागच्या वर्षी पॅकिंगमधल्या एकीला असंच — 'सध्या ऑर्डर नाही.' दुसऱ्या दिवशी तिच्या जागी नवी पोरगी उभी.

नवऱ्याची, बुद्धभूषणची, दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली तेव्हापासून घर माझ्या हजेरीवर चाललंय. तो स्वयंपाक शिकला. आज वांग्यात मीठ विसरला.

२० ऑगस्ट, बुधवार

सुटताना गेटवर झडती असते. तांब्याची वायर कुणी अंगावर नेऊ नये म्हणून. सिक्युरिटीची बाई पाठ, कंबर चाचपते आणि सोडते. आज तिचा हात पोटावर आला आणि थांबला. मी समोरच्या बसकडे बघत राहिले. "चल पुढं," म्हणाली.

ती नाही बोलायची. पण माझ्या मागे गिरजाताई होत्या! त्यांनी पाहिलं, शंभर टक्के पाहिलं.

गिरजाताई म्हणजे आमच्या लाइनच्या लीडर. नांदेडकडच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. हसताना कधी बघितलं नाही. चहाच्या सुट्टीत ज्योतीराम सरांच्या केबिनबाहेर उभ्या असतात — सर म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, घ्यायचं-काढायचं त्याच्या हातात. कोण उशिरा आली, कोण मोबाइल वापरते, सगळं तिथे पोचतं. आता माझंही पोचेल.

२१ ऑगस्ट

नाही पोचलं. निदान अजून तरी.

३० ऑगस्ट, शनिवार

आज हललं. बोर्डासमोर उभी होते, हातात गाडीच्या वायरी बांधायची टेप. एकदम आतून — मासोळी फिरावी तसं. कुणाला सांगणार! टेप गुंडाळत राहिले. डोळ्यांत पाणी आलं तर गिरजाताई ओरडल्या, "काय करायलीस? हात चालव की!" मेली!

४ सप्टेंबर, गुरुवार

नेहाला सांगून टाकलं. माझ्या शेजारच्या बोर्डवर असते, थेरगावातच राहते, शिलाई मशीन तिचंच वापरते मी. शिवता शिवता म्हटलं, नेहा, एक सांगायचंय. ती दोरा ओवत म्हणाली, "मला काय डोळे नाहीत का?"

म्हणजे लाइनवर सगळ्यांना माहीत! म्हणून पिंकी हल्ली खालचे क्रेट स्वतः उचलते. म्हणून वरच्या हुकाची वायर आपोआप नेहाकडे जाते. मी आपली चुण्या मोजतेय आणि ह्या सगळ्या जणी गप्प. हसू आलं आणि रडूही. मग भीतीच वाटली. सात तोंडं!

"गिरजाताईंना?" विचारलं.

"त्यांच्यासमोर कुणी विषय काढला नाही," नेहा म्हणाली. "पण त्यांचं काय सांगता येत नाही बाई."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लाइनवरच्या पोरींना माझं डोहाळजेवण करायचंय! मी म्हटलं, डोकं फिरलंय का? फुलांचे दागिने, धनुष्यबाण, झोपाळा आणि लगेच पोरींच्या स्टेटसला फोटो. सर बघतील, झालं. फोटो काढायचेच नाहीत म्हटलं तर पिंकीचं तोंड एवढंसं. बावीस वर्षांची पोर, फोटो नाही तर कार्यक्रम कशाला असं तिचं म्हणणं.

मग नेहाला सुचलं. "थीम ठेवू! सगळ्यांनीच पोटं बांधायची. उशा, दुपट्टे, काय मिळेल ते. सगळ्याच पोटुश्या. मग फोटो गेला कुठं तरी कुणाला काय कळणार?"

बसमध्ये एवढ्या हसलो की ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. किती दिवसांनी असं हसले कोण जाणे. हो म्हणून बसले.

पितृपक्ष आहे म्हणून आत्ता नाही, नवरात्रातल्या गुरुवारी. आमच्यात पितृपक्ष बघत नाहीत, पण बाकीच्यांच्या घरी चालत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दोन दिवस थीमच्या नादात होते. आज पाय सुजले. चप्पल जात नव्हती. लाइनवर स्टूल मिळत नाही, मागितलं तर का म्हणून विचारतील. नेहाच्या जुन्या सँडलचा मागचा पट्टा कापून स्लीपर केली. पिंकी म्हणाली, "वॉव, नवी फॅशन!" तिला खरंच आवडली. वेडी!

२२ सप्टेंबर, सोमवार

पांढरा. कंपनीच्या ग्रुपवर नऊ रंगांची स्पर्धा आहे, रोज प्रत्येक लाइनचा फोटो टाकायचा. पहिल्या आलेल्या लाइनला सगळ्यांना कुकर. आमच्या घरी नवरात्र नाही, पण रंग कोण सोडतं! आठ जणींत पाच पांढरे दुपट्टे, बाकीच्यांना नेहाच्या चादरीचे तुकडे कापून दिले. कडेला लेस मारली, चादर आहे हे सांगून खरं वाटणार नाही. मी मागच्या रांगेत, समोर क्रेट. फोटोचं सगळं पिंकीकडे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

झालं! किती सुंदर झालं!

आमची खोली केवढीशी. बुद्धभूषणनं सकाळीच पलंग उभा करून भिंतीला लावला. डांगे चौकातून झेंडूची शिल्लक फुलं आणली, त्यांचेच माझे बाजूबंद, कंबरपट्टा. आज रंग पिवळा, म्हणून सगळ्या पिवळ्यात. आणि पोटं! नेहाला उशी, पिंकीला उलटं पातेलं — चालली की आत चमचा वाजायचा. एकीनं तर जुळी म्हणून दोन उशा. बुद्धभूषणही कमरेला टॉवेल बांधून वाढायला आला, उखाणा घे म्हणून मागे लागल्या तर लाजला बिचारा.

बर्फी की पेढा झालं. दोन वाट्या झाकून ठेवल्या, सगळ्या 'पोटुश्यां'नी उचलल्या. मला बर्फी — म्हणजे मुलगी. माझ्या पोटावर हात ठेवून नेहा म्हणाली, "एवढ्यांत ही एकच खरी उशी!" त्रिशरण, पंचशील आम्ही सुरुवातीलाच घेतलं होतं. आईचा फोन आला, तिला सगळं दाखवलं. ती हसता हसता रडायला लागली.

जेवण सुरू होणार तेवढ्यात दारात गिरजाताई! कुणीच बोलावलं नव्हतं. पिंकीनं बसमध्ये बोलताना पत्ता ऐकवला असणार. त्याही पिवळ्या लुगड्यात, पदर अंगभर घट्ट. आत येऊन सगळ्यांकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं. हसल्या नाहीत. पिशवीतून चिंचेचा गोळा काढून माझ्या हातात दिला.

"मी ओटी भरत न्हाई. हे नुसतं घे. खावं वाटतंय ह्या दिवसांत."

मी म्हटलं, ताई, आमच्यात तसलं मानत नाहीत, भरा की. पण म्हणाले तेही अर्ध्या तोंडानं. त्या कोपऱ्यात बसल्या. नेहा उशी घेऊन गेली तर "मला नगं" म्हणाल्या. ग्रुप फोटोत कडेला उभ्या राहिल्या, एवढ्यांत बिनपोटाच्या त्या एकट्याच. जेवल्या आणि गेल्या.

सगळ्या गेल्यावर बुद्धभूषण म्हणाला, "बाई वाईट नाही वाटत." मी म्हटलं, तुला काय माहीत! बघायला आली होती ती. आता सरांना सांगायला तिच्याकडे पुरावा आहे. एवढ्या चांगल्या दिवसात मिठाचा खडा पडला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

हिरवा. सकाळी बसमध्ये बसले तर मागून कुणीतरी म्हणालं, "तुमच्या लाइनचा पिवळा एक नंबर!"

पिंकीनं फोटो कंपनीच्या ग्रुपवर टाकला. स्टेटसला नाही — थेट कंपनीच्या ग्रुपवर! वर लिहिलं, 'डोहाळे स्पेशल'. का? तर गुरुवारी सुट्टी, बाकीच्या लाइनींचा पिवळा राहून जाणार, आपला तेवढा नऊच्या नऊ भरेल. कुकर मिळेल! मी तिला कोपऱ्यात घेतलं तर म्हणते, "पण दीदी, सगळ्यांचीच पोटं आहेत ना? कळणार कसं? थीमच ती होती की!"

काय बोलणार तिला. तिचं बरोबरच होतं एका अर्थी. दिवसभर टाळ्या, बदाम, वाहवा. एचआरच्या मॅडमनी पण अंगठा दिला. ज्योतीराम सर बोर्डाजवळून गेले, हसले. मी खिशात हात घालून उभी.

२७ सप्टेंबर, शनिवार

करडा. सर हसले ते काल.

शिफ्ट सुरू व्हायच्या आधी लाइनसमोर उभे राहिले, हातात मोबाइल. "मला दूधखुळा समजता का? डोहाळजेवण उगाच कोण करतं? नऊ बायका आहेत फोटोत. ह्यात खरी कोण?"

कुकरचा फॅन घरघरतोय तेवढाच आवाज — नाही, कुकर कसला, कॉम्प्रेसर. डोकं ठिकाणावर नाही माझं.

"उद्या सकाळी नाव पाहिजे. नाहीतर अख्ख्या लाइनचे गेटपास जमा. बाहेर पोरी रांगेत आहेत."

चहाला पिंकी ढसाढसा रडली. तिच्या वडिलांना महापालिकेच्या दवाखान्यात ठेवलंय, तिचा पगार थांबला तर काय करायचं त्यांनी? नेहा म्हणाली, कुणी नाव घ्यायचं नाही. दुसरी एक म्हणाली, "तुझं बरंय गं नेहा, तुझा नवरा परमनंट आहे." मग कुणीच कुणाकडे बघेना. माझ्याकडे तर मुळीच नाही. आणि गिरजाताई? केबिनबाहेर! सरांशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. सांगितलं असेल तर सांगितलं, माझं काम सोपं झालं.

बुद्धभूषणला म्हटलं, मी उद्या नाव देते. सात घरं माझ्यापायी नको. तो म्हणाला, "मी परत प्रेसवर विचारतो. आठ बोटांनी पण चालवतात लोक." मला एवढा राग आला त्याचा! राग कशाचा, ते माझं मलाच कळेना. निळा रेघांचा कुर्ता बाजूला ठेवला. उद्या साधा, अंगाबरोबरचा घालणार आहे. लपवून तरी काय करू आता.

२८ सप्टेंबर, रविवार

सर आले. मी एप्रनची नाडी सोडली, एक पाऊल पुढे झाले. तोंड उघडलं. माझ्याआधी गिरजाताई बोलल्या.

"मी हाय. फोटूत पोट न्हाई ते माझ्या एकटीलाच की! जिचं खरं असंल ती कशाला उशी बांधंल? झाकूनच उभी ऱ्हाईल ना."

सर त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिले. मग जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. गिरजाताईंनी गेटपास काढून बोर्डावर ठेवला आणि पदर घेऊन निघाल्या. आमच्यापैकी एकीनंही तोंड उघडलं नाही. मी नाडी परत बांधली.

सुटल्यावर बसमध्ये पॅकिंगच्या बाया. "विधवा बाई, ह्या वयात! कोणाचं असेल गं?" सगळी बस हसली. माझ्याकडे बघत होत्या, मी तिच्याच लाइनची म्हणून.

मीही हसले.