डब्यातला एजंट

उत्रोली, शनिवार दुपार

तीर्थस्वरूप बनाआत्यांना प्रेरणाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? दिलेलं तेल लावताय, की फळीवर ठेवून नुसतं त्याचं दर्शन घेताय? मामांना नमस्कार सांगा. आमच्याकडं भात झोडून झालं, आई-अण्णा ठीक आहेत. मीच तेवढी धड नाही. ताप-खोकला काही नाही, पण तीन दिवस एका जागी बूड टेकत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की काय करायला उठले ते आठवत नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही मधेच "मग पुढं?" विचारता आणि मी शेवट आधी सांगून बसते. म्हणून पत्र.

मी घरी बसून ज्या कंपनीचं काम करते, तिचं जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायचं ॲप तुमच्याकडं आहेच. गेले कित्येक महिने लोकांची एकच तक्रार, की बटण दाबलं की चाक नुसतं फिरत राहतं. कुठं अडतंय ते कुणालाच कळेना. शेवटी बुधवारी आमचे सुयश सर म्हणाले, सोमवारच्या आत सगळीकडं एजंट बसव. (हा एजंट म्हणजे माणूस नव्हे. आमचं ॲप डब्याडब्यांत भरून चालतं, एका डब्यात एक काम. डबा ज्या साच्यातून निघतो त्याला आम्ही इमेज म्हणतो. त्या साच्यातच एक छोटा प्रोग्राम घालून ठेवला की तो प्रत्येक डब्यात आपोआप येतो आणि आत कुठल्या कामाला किती वेळ लागला ते बाहेर कळवत बसतो. थोडक्यात, चहाडखोर.)

आता हे काम मी ओसरीवर बसून करत होते आणि रेंज कमी म्हणून सरांशी ओरडून बोलत होते, की एजंट आत घेतलाय, सहाच्या सहा ठिकाणी घातलाय, वरून कुणाला कळणारसुद्धा नाही. अण्णा गोठ्यातून तसेच शेणाच्या हातांनी धावत आले. (रस्त्याकडच्या तुकड्यासाठी आठवड्याला एक जमिनीचा एजंट दारात येतो, हे तुम्हाला माहीत आहेच.)

"कुठल्या सहा ठिकाणी?" अण्णा कडाडले. "आपली समदी मिळून चारच वावरं हायती! आन् सही कुणी केली?"

त्यांची समजूत घालण्यात अर्धा तास गेला. ते गप्प झाले तोवर आई आतून म्हणाली, "एवढा कामाचा हाय तर त्याला जेवाया तरी बोलाव."

एजंटामुळं साचा चांगलाच फुगला होता. तो इथून कंपनीच्या कंप्युटरवर पाठवायचा, तर गुरुवारी सकाळी तीनदा नव्वद टक्क्यांवर जाऊन तुटला. मी ओसरीवरून माळ्यावर, माळ्यावरून बांधावर असा लॅपटॉप फिरवला. शेवटी एसटी धरून भोरला गेले आणि शाळेत आम्हाला गणित शिकवणाऱ्या केशव सरांचं दार वाजवलं, कारण त्यांच्याकडं चांगलं वायफाय आहे. शुभाकाकूंनी पोहे पुढं ठेवले, साचा पंधरा मिनिटांत वर गेला, मी पहिला घास घेतला आणि डबे पडायला लागले. पडायचे, आपोआप उठायचे, मिनिटभरानं परत पडायचे.

"अगंबाई, पडले!" मी किंचाळले.

"काय पडलं?" काकू स्वयंपाकघरातून.

"डबे, काकू!"

(काकूंनी आपली मांडणी वरपासून खालपर्यंत तपासली.) मी घोटभर पाणी पीत केशव सरांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आधीच कोंबून भरलेल्या वडापच्या जीपमध्ये एक माणूस वाढवलास. ती घाटात दम टाकणारच." आणि तसंच होतं. प्रत्येक डब्याला मेमरी मोजून दिलेली, त्यातच एजंटानं बैठक मारलेली. मेमरी वाढवली, डबे उभे राहिले ते राहिले.

मग एजंट बोलायला लागला. बाकी सगळी कामं झटपट, फक्त "जवळचा डॉक्टर शोधा" या एका कामाला एक्केचाळीस सेकंद. उघडून बघितलं, तर कुणी शहाण्यानं असं लिहून ठेवलेलं, की वेल्ह्यातून बटण दाबलं की ॲप जिल्ह्यातल्या एकेका डॉक्टरला वेगळं शोधून त्याचा पत्ता बघणार. आधी जुन्नर, मग इंदापूर, मग दौंड, आणि सगळ्यात शेवटी वेल्हे! सुयश सर फोनवरच होते. म्हणाले, "हे लिहिलंय कुणी?" तिथं नाव होतं माझं. दोन वर्षांपूर्वीचं. मी ताठ आवाजात म्हणाले, "सर, माझंच आहे." तासाभरात दुरुस्तही केलं. आता दोन सेकंद लागतात. खरं बोलायला असा काय वेळ लागतो, सांगा.

हे पत्र गेनूकाकांच्या टेम्पोतून उद्या तुमच्या हाती पडेल. मामांनी वाचून दाखवू नये, तुम्हीच वाचावं.

तुमची भाची,
प्रेरणा

ता. क. मागच्या वर्षी तुमची म्हैस अडली तेव्हा तुम्ही बटण दाबून दाबून दमलात आणि शेवटी शेजारच्या सोनबांनी रेडकू ओढून काढलं. तेव्हा मी म्हणाले, आत्या, तुमचा मोबाईल जुना झालाय. तुम्ही नवा घेतलात. त्यातही चाक फिरायला लागलं तेव्हा म्हणाले, वेल्ह्याला रेंजच नाही. आत्या, मोबाईल चांगला होता. रेंजही होती.

आणखी एक ता. क. वर लिहिलंय तसं मी सरांना काहीही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" असं म्हणून फोन ठेवला. तेही वायफायच्या पेटीला टेकून बसलेली असताना. (केशव सर समोरच होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.) ते कुणाचं काम हे सुयश सरांनी अजून बघितलेलं नाही. मंगळवारी ते लोकांना नवं ॲप दाखवायला वेल्ह्याला येणार आहेत, बरोबर मी आहे, आणि मी त्यांना तुमच्याच गोठ्यावर घेऊन येते. तर एवढं करा. चहा झाला की त्यांच्यादेखत मला सरळ विचारा, "प्रेरणा, ते तूच केलंवतंस ना?" विचारलंत तर मी व्हय म्हणेन. आपण होऊन माझ्या तोंडातून निघत नाही, दोन दिवस आरशासमोर करून बघितलं. आणि मी परत "आवाज तुटतोय" म्हणाले, तर कान धरा. समोरच असाल.