आत्याची रिकामी पिपं

प्रिय रादोयेदादा,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आत्या आता चीज स्टीलच्या पिपांत मुरवते. ते चुकलं. पिपं मी नुसती पाहिली होती, काल उघडली. आत काहीच नाही, लख्ख! चीज अजून मेंढीच्या कातड्याच्या पिशवीतच आहे. आणि मी, अन्न-तपासनीस असून, साहेबांना "तिथं सुधारणा झाली" असं सांगून बसले आहे.

आता युरोपीय संघाची माणसं आपल्या मॉन्टेनेग्रोची संघात शिरायची तयारी बघायला येताहेत, आणि साहेब त्यांना तुझ्या आईच्याच कुरणावर नेणार आहेत.

"आत्या, निदान त्या दिवशी पिशवी लपव."

"लपवू? अगं, बघायला पिपं, खायला पिशवीतलं! ब्रसेल्सहून आलेल्यांना बेचव वाढू? तुझ्या साहेबाला वाढीन हवं तर."

हात धुऊन धार काढायला मला तिनंच शिकवलं. पाहुण्यापुढे घरातलं सगळ्यात चांगलं ठेवायचं, हेसुद्धा.

जुन्या पद्धतीला संघाच्या स्वच्छतेच्या नियमांतून सवलत मिळू शकते. पण आधी खरं सांगावं लागतं, आणि निकाल लागेपर्यंत तिची विक्री बंद. तिचा हिवाळा त्या विक्रीवरच निघतो. माझी नोकरी राहील की नाही, तेही माहीत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. तू "गप्प बस" म्हणशील आणि मी बसेन. पाहुणे शुक्रवारी येतात. साहेबांना मी गुरुवारी, अठरा सप्टेंबरला, सांगणार आहे.

तुझी घाबरलेली बहीण,
दानित्सा