झाकण घट्ट, माल अस्सल

२ तारीख, सोमवार
भांडी घासायचं आमचं नवं लिक्विड आजपासून कोपऱ्यावरच्या दुकानात. ट्रायलला बारा बाटल्या. महिनाअखेर खपल्या नाहीत तर लिक्विड बंद आणि मी परत गोदामात, असं मालकांनी बजावलंय. खपणारच! इनोव्हेशन माझं आहे: झाकण मुद्दाम घट्ट. सहज उघडतं ते माणसाला स्वस्त वाटतं. सायकॉलॉजी! बायको म्हणाली, ओल्या हातांनी उघडायचं कसं? तिला पोझिशनिंग कळत नाही. आईच्या वळणावर गेलीय.

७ तारीख
खप शून्य. दुकानदार मला बघून गालातल्या गालात हसतो. पलीकडच्या कंपनीने फोडलाय त्याला, शंभर टक्के. संकल्प: कुणावर विश्वास ठेवायचा नाही.

१३ तारीख, दुपार
सहा गेल्या! पण सगळ्या एकाच बाईने नेल्या म्हणे. एका घरात सहा? भांडी घासतात की हत्ती धुतात? माझं झाकण लॅबमध्ये चोरून तपासतायत, दुसरं काय!

१८ तारीख, संध्याकाळ
तेलाच्या डब्यांमागे दीड तास दबा धरला. आली! तोंड दिसलं नाही. मोडक्या दांड्याची निळी छत्री. मागे धावलो तर डबाच पायावर पडला. लंगडत घरी आलो तर बायको हसली. तीही सामील असावी.

२५ तारीख
बाराही खपल्या. मालक खूश. म्हणाले, त्या बाईंना ऑफिसात आणा, जाहिरातीसाठी फोटो काढू. आता आली का पंचाईत!

२७ तारीख
सासूबाईंकडे माळ्यावरची गादी काढायला गेलो. बाई मला पहिल्यापासून पाण्यात पाहतात. दाराआड निळी छत्री. गादीमागे बारा बाटल्या, ओळीने.
मी ओरडलो, शत्रूला कधीपासून सामील झालात? म्हणाल्या, अहो जावईबापू, तुमची जागा राहावी म्हणून घेतल्या हो. मला भरूनच आलं. मग विचारलं, एकही वापरली नाहीत? म्हणाल्या, उघडली असती तर वापरली असती.

३० तारीख
सासूबाईंनाच नेलं ऑफिसात. फोटोग्राफर म्हणाला, बाटली उघडताना हसा. त्यांनी जोर लावला. मग मी. मग फोटोग्राफर. शेवटी मालकांनी दात लावले. दात नवे होते.

१ तारीख, गोदाम
अकराशे झाकणं सैल करायचीत. सकाळपासून दोन झाली. दुपारी सासूबाई जेवणाचा डबा देऊन गेल्या. एका बोटाने उघडला. स्वस्त नाही वाटला.