शिट्टी आधी, चित्र मागून

पालम,
दि. ८ डिसेंबर २०२४

चि. अर्पिताला बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं बरे आहोत. हरभऱ्याला पाणी द्यायची घाई चाललीय, म्हणून दुकानात पंपाच्या जळक्या मोटारींची रांग लागलीय. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू एक सांगतीस, मी मध्येच दुसरं विचारतो, आणि शेवटी दोघंही हॅलो हॅलो करत बसतो. मला कागद पाहिजे. तांब्याच्या तारेच्या वेढ्यांचा नकाशा भिंतीला चिकटवून मोटारी भरायला शिकलेला माणूस मी. तोंडी सांगितलेलं माझ्या हातात उतरत नाही.

काम असं आहे. तुमच्या आंतरविद्यापीठ खो-खोची फायनल इंटरनेटवर दाखवतात, आणि तुझं हे खेळायचं शेवटचं वर्ष. तुझ्या आईनं अकरा वर्षं तुझ्या खेळाच्या कपड्यांची माती धुतली, सामना मात्र एकही पाहिला नाही. मागच्या वर्षी तिच्यापुढं मोबाइल धरला, तर म्हणाली, मुंग्या पळायल्यात, यातली आपली मुंगी कोणती ते तरी सांगा. तेवढ्यात तोही अडकला. तेव्हापासून ती हा विषयच काढत नाही, आणि तेच मला टोचतं. यंदा तू तिला टीव्हीवर हातभर मोठी दिसली पाहिजेस.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत आहे, नेट आहे. टीव्हीचं चित्र झकास. पण मृगात वीज पडली तेव्हा त्याचा आवाज गेला आणि मागचं वायर खोचायचं तोंडही जळालं. तर वायरीवाचून कॉम्प्युटरमधलं टीव्हीत कसं न्यायचं ते क्रमानं लिही.

राधाकिशन मामा परवा सोनपेठहून आला होता. म्हणाला, दाजी, तुम्ही मोटारीचे मिस्त्री, हे तुमच्यानं व्हायचं न्हाई. झालंच तर आमच्या बाजारात चारचौघांत तुम्हाला शहाणा म्हणीन. मी ते नीट ऐकून ठेवलंय.

आमचा लोभ आहेच. नेट गेलं तरी तो जात नाही.

तुझा बाबा,
बन्सीधर

कोल्हापूर,
दि. १४ डिसेंबर २०२४

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र होस्टेलवर आलं तेव्हा मुलींना वाटलं, कोर्टाची नोटीस आली. सगळ्यांनी वाचलं. मुंगी म्हणतात आता मला.

क्रम सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरात काढलाय, चित्रांसकट. आधी टीव्हीच्या रिमोटवरून स्क्रीन मिररिंग चालू करा. मग कॉम्प्युटरवर खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आणि के, दोन्ही एकदम दाबा. बाजूला टीव्हीचं नाव येईल, त्यावर टिचकी मारा. दिवाळीत मी लावलेला नखाएवढा वायफायचा तुकडा उपटू नका. आणि बाबा, काही अडलं तरी टीव्ही खोलायचा नाही. स्क्रू-ड्रायव्हर दुकानातच राहू द्या.

आईला एवढं सांगून ठेवा, की गडी बाद झाला की तुटक शिट्टी वाजते, आणि वेळ संपली की लांब. फायनल गाठली तर ती २९ तारखेला. नक्की जमेपर्यंत मात्र तिला आशा लावू नका. एकदा मुंगी झाले, पुन्हा नको.

मी ठणठणीत आहे. सराव छान चाललाय.

माझ्यावर माया आहे तेवढीच ठेवा, जास्त झाली तर धावता येणार नाही.

तुमची,
अर्पिता

पालम,
दि. २० डिसेंबर २०२४

चि. अर्पिताला आशीर्वाद. वि. वि.

तुझा कागद भिंतीला चिकटवला आणि तिसऱ्या खेपेला चित्र टीव्हीत आलं. टीव्ही मुका, म्हणून मी आवाज कॉम्प्युटरमधूनच स्पीकरच्या एका डब्यात आणून बसवला. परीक्षेसाठी एका बाईंचा वरणाचा व्हिडिओ लावला. तुझी आई बघायला बसली आणि म्हणाली, अहो, मोहरी आधी तडतडली आन् बाईनं तेलात मागून टाकली, हे कसलं वरण.

मी कान लावून मोजलं. आवाज वायरीनं सरळ येतो, चित्र हवेतून फिरून येतं. तीन सेकंद मागं, घड्याळासारखं, कमी न्हाई की जास्त न्हाई. सामन्यात असं झालं तर शिट्टी आधी आणि पोरगी मागून बाद. सगळा विचका. नवा टीव्ही आणतो म्हणालो, तर तुझी आई म्हणते, धड चित्राचा टीव्ही टाकायचा न्हाई. आता आशा तिला लागलीच आहे, मी लावली नाही. शेजारी नर्मदाबाईला तिनं आमंत्रणही दिलंय. उपाय असला तर लगेच लिही.

बाकी लोभ आहे तसाच, तीन सेकंदही मागं नाही.

बाबा

कोल्हापूर,
दि. २३ डिसेंबर २०२४

ती. बाबांना सा. न. वि. वि.

उद्या आमचा संघ निघतोय, म्हणून दोनच ओळी. उपाय नाही. आवाज सरळ बंद करा आणि मुकं बघा. तसंही समालोचन हिंदी-इंग्रजीत असतं, आईला कळायचं नाही. तिला मी दिसले की झालं.

घाईत आहे, लोभ तेवढा सवडीनं करा.

अर्पिता

पालम,
दि. ३० डिसेंबर २०२४

चि. अर्पिताला विजयाचे आशीर्वाद. वि. वि.

काल फोनवर तूही रडायलीस आणि मलाही बोलता येईना, म्हणून आज बैजवार लिहितो.

आवाज बंद कर म्हणालीस, पण कान बंद ठेवून मी आयुष्यात एक मोटार दुरुस्त केली नाही. आवाजाचा डबा काढला, कॉम्प्युटरपासून लांब वायर ओढली आणि हेडफोन कानाला लावून तुझ्या आईशेजारी बसलो. खोलीत वीसेक माणसं. टीव्ही मुका, आवाज माझ्या एकट्याच्या कानात. आत शिट्टी वाजली की मनात एक, दोन, तीन म्हणायचं, आणि चित्र आलं की आपल्या बोलीत सांगायचं. आता खो दिला, आता वळली, गेली बघा. दोनदा घाईत आधीच बोलून गेलो. सामन्यासाठी सोनपेठहून आलेला मामा मागं वळून वळून बघायला लागला. म्हणाला, दाजी, तुम्हाला आधीच कसं कळायलंय. मी म्हणालो, मोटार जळायच्या आधी सांगते, ऐकणारा पाहिजे.

मग शेवटचा डाव. चाळीस सेकंद उरलेले, आपण एका गुणानं पुढं, तुझ्या जोडीच्या दोघी बाद, तू एकटी. नर्मदाबाईनं डोळे मिटले. आणि माझ्या कानात शिट्टी वाजली. लांब.

टीव्हीवर तू अजून पळत होतीस. समोरच्या संघाची एक लांब वेणीची पोरगी वीतभर मागं. जिंकल्याचं साऱ्या पालममध्ये मला एकट्याला माहीत. तोंडावर आलं होतं, पण गिळलं. ते तीन सेकंद तुझ्या आईचे होते. मी टीव्ही सोडून तिच्याकडं बघितलं. बसल्या जागी तिचे दोन्ही पाय तुझ्याबरोबर पळायले होते. मग ते थांबले. तू हात वर केलेले मी टीव्हीत पाहिलेच नाहीत, तिच्या चष्म्यात पाहिले.

घरात असा गोंधळ उठला, की गल्लीतली कुत्री पळाली. मामानं तिथंच मला शहाणा म्हणून टाकलं. मी म्हणालो, इथं चालायचं न्हाई, सोनपेठच्या बाजारात. तो येतो म्हणालाय.

सगळे गेल्यावर तुझी आई म्हणाली, डाव्या गुडघ्याला पट्टी होती. सरावात लागलंय तिला, ठणठणीत लिहिते लबाड. मी तीन सेकंद आधी ऐकणारा माणूस, मला ती पट्टी दिसली नव्हती. तिनं पहिल्याच मिनिटाला पाहिली होती आणि सामना संपेपर्यंत बोलली नाही. म्हणाली, माझं बोलणं तिकडं ऐकू जाऊन तिचा पाय अडखळला असता तर.

तर लंगडत चालत येऊ नको, स्टँडवर मी गाडी घेऊन येतो. आईनं हळद कुटून ठेवलीय.

लोभ आहेच. गुडघ्याचं मात्र खरं लिही, आता तू हातभर मोठी दिसतीस.

तुझा बाबा,
बन्सीधर