बंदुकीची कुंची

मंगळवार, ता. ९

जावईबापूंना आशीर्वाद.

इकडे आम्ही तिघी धडधाकट आहोत. पत्रात हे वाक्य घालायची रीतच असते म्हणून वाचून पुढे जाऊ नका. या खेपेला ते खरं आहे म्हणून लिहिलंय. तुमचा खोकला कसा आहे? सिगारेट सोडलीत असं माझी नात सांगते. पण मुलगी तुमची, तेव्हा तिची साक्ष मी धरत नाही.

परवाचा रविवार रद्द झाल्याचा निरोप तुम्हाला मिळाला. कारण मिळालं नसणार. तुम्ही आणि माझी लेक वेगळे झाल्यापासून महिन्यातला एक रविवार पोरीबरोबर तुमच्या वाट्याला येतो. तोही गेला, आणि वर 'यापुढचं बघू' असं ऐकून घ्यावं लागलं. ते का झालं हे सांगायलाच बसले आहे. फोन करणार होते, पण फोनवर माणूस रागावला की ठेवून देतो. कागद रागावून फेकला तरी पुन्हा उचलून वाचावाच लागतो.

आधी बंदुकीचं सांगते.

तुम्ही माळ्यावर टाकून गेलात ती रंगाच्या गोळ्यांची बंदूक तुमच्या लेकीने, भिंगरीने, खाली काढली. बंदूक म्हटलेलं तिला चालत नाही. 'आजी, मार्कर म्हण.' मी म्हटलं, नळी आहे, चाप आहे, पुढे उभ्या माणसाला धाक आहे. बॅटरीवर चालते म्हणून काय टॉर्च म्हणू? 'सर्किट गेलंय, मेली ती,' असा निकाल तुम्ही देऊन ठेवला होतात. पोरीला तो पटला नाही. रविवारी ती चालू करून तुमच्या हातात द्यायची आणि तुम्हाला घेऊन मैदानावर खेळायला जायचं, असा तिचा बेत. मला सांगितला, आईला नाही.

पहिल्या दिवशी दिवाच लागेना. आतली चौकोनी बॅटरी फुटून हिरवा चिकटा झालेला. बॅटरी आत ठेवून वस्तू माळ्यावर टाकायची, ही तुमची तऱ्हा मला नवी नाही. लिंबू लावून पत्र्या घासल्या, नवी बॅटरी घातली, निळा दिवा लागला. पोरगी नाचली. मग गोळी ढकलणारी ती दाबलेल्या हवेची बाटली लावली तर नुसती फुसफुस. आतल्या रबरी रिंगा वाळून चिरल्या होत्या. ती नव्या आणायला दुकानात गेली, तेवढ्यात मी आत शिवणयंत्राचं तेल सोडलं. माझं यंत्र जन्मभर त्याच तेलावर चाललंय. आल्यावर वास घेऊन ती किंचाळली, 'आजी, या तेलाने रबर फुगतं!' फुगलंच. दुसऱ्या दिवशी आतला दांडा पावसाळ्यातल्या ड्रॉवरसारखा अडकून बसला. सगळं पुन्हा खोलून, पुसून, नव्या रिंगा, तिचं ते डबीतलं वंगण. तेवढा वेळ मला हात मागे बांधून बसायची शिक्षा होती.

फुसफुस थांबली, तर आता चाप ओढला की टक् वाजे आणि गोळी काही सुटेना. आत म्हणे एक बारीकसा डोळा असतो. गोळी जागेवर आली की नाही ते तो बघतो, आणि त्याला दिसली नाही तर बंदूक उडूच देत नाही. त्यावर तुमच्या वेळचा रंग वाळून खपली धरली होती. कापसाच्या काडीने ती काढली, आणि गच्चीवर टांगलेल्या जुन्या चादरीवर अंड्याच्या बलकासारखा पिवळा ठिपका बसला. तर सर्किट गेलं नव्हतं, जावईबापू. पुसायचा आळस होता.

एक गोष्ट मागे राहिली. बॅटरीला हात लावायच्याही आधी भिंगरी माझ्याकडे जाड कॅनव्हासचा तुकडा घेऊन आली होती. नळीच्या तोंडावर घालायची टोपी हरवली आहे, तशी शिवून दे आणि मागे ओढून बसवायला रबरी दोरी लाव, म्हणाली. मी म्हटलं, 'बंदुकीला कुंची? उद्या लंगोट पण शिवू का?' तर तोंडपाठ म्हणून दाखवलं. 'बाबा म्हणायचे, खेळ संपला टोपी, अडकली टोपी, दुसऱ्याच्या हातात दिली तरी टोपी.' एवढीशी असताना तुम्ही घोकून घेतलेलं. मी म्हटलं, पाढे घेतले असते तर गणितात पडली नसती. पण शिवली. हसत हसत शिवली, शिवण मात्र दुहेरी घातली.

आता शनिवारचं.

संध्याकाळी गच्चीवर ती उडवत होती आणि मी वाळलेले कपडे काढत होते. मध्येच बंदूक अडली. पोरीने आधी टोपी चढवली, मग वरचा गोळ्यांचा डबा काढला, मग बाटली फिरवून काढली. 'आता मेली,' म्हणाली. बाटली काढली तरी बंदुकीच्या पोटात थोडी हवा राहते, आणि नळीत एक गोळी बसलेली होती, हे त्या घाईत तिच्या डोक्यात आलं नाही. आत रंग साचला का ते बघायला ती टोपी उतरवायला वाकली. तोंडावरचा मुखवटा काढून ठेवलेला. डोळा नळीसमोर, हात टोपीच्या दोरीला. आणि बंदूक उडाली.

फट् झालं. गोळी टोपीतच फुटली. कॅनव्हासमधून पिवळा रंग पाझरला, दोन थेंब भुवईवर उडाले. बस, एवढंच. माझ्या खांद्यावरचे कपडे सगळे गच्चीवर.

माझी लेक आवाज ऐकून वर आली. पोरीच्या तोंडावर रंग बघून पांढरीफटक पडली. 'काय झालं?' मी म्हटलं, 'उडाली.' तेवढंच म्हटलं. कुणी उडवली ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तशीच पोरीला घेऊन डोळ्याच्या डॉक्टरकडे धावली. त्याने उजेड पाडून, वर बघ, खाली बघ करून, काही झालेलं नाही असं सांगितलं. डोळा लख्ख आहे. वाचता वाचता उठून उभे राहिला असाल तर आता बसा. आम्हीही तेव्हाच बसलो.

पण लेकीचा राग काही जाईना. 'गेला तो गेला आणि जाताना घरात सुरुंग ठेवून गेला!' इथून सुरुवात. मग रविवार बंद, पुढचेही बंद. भिंगरी माझ्याकडे बघत होती. रात्री वर जाताना जिन्यात मला म्हणाली, 'आजी, मी नाही सांगणार. तूच सांग.' त्यानंतर माझ्याशी बोलायची ती कचेरीतल्या बाईसारखी. पाणी हवं का. दिवा घालवू का. पुढचं गिऱ्हाईक या.

जावईबापू, बंदूक माझ्या हातात होती.

'आजी, धर जरा,' म्हणून तिने दिली. मी झारी धरल्यासारखी धरली, बोट चापावर. मेली म्हणते तर खरंच मेली का बघावं, म्हणून दाबलं. समोर माझ्या नातीचा डोळा, आणि मी दाबलं. दोन दिवस मी तुमच्या नावाने चाललेल्या शिव्या ऐकल्या आणि गप्प बसले. तुमच्या बाबतीत ते सोपं जातं, सवय आहे.

आज सकाळी वाटाणे सोलता सोलता लेकीला सांगून टाकलं.

'आई, ट्रिगर तू दाबलास?'

'दाबला.'

'आणि दोन दिवस मी त्याला शिव्या घालतेय, तू समोर बसून ऐकतेस?'

'शिव्या चांगल्या होत्या. मध्ये तोडवेना.'

तिने ताट माझ्या पुढ्यातून ओढून घेतलं आणि स्वतःच सोलायला लागली. राग आला की ती दुसऱ्याचं काम हिसकावते, तुम्हाला ठाऊक आहे. ताट अर्धं भरल्यावर म्हणाली, 'ते टोपीचं त्याने शिकवलं होतं?' मी म्हटलं, 'हो. मी तर हसले होते.' मग ती रडली. अगदी हुंदके देऊन, वाटाणे सांडून. तुमच्यापायी तिला रडताना मी पुष्कळदा पाहिलं आहे, पण रडून झाल्यावर हलकी झालेली आज पहिल्यांदा पाहिली. डोळे पुसून म्हणाली, 'येत्या रविवारी येऊ दे त्याला. पुढचेही त्याचे त्याला. आणि कळव तूच, घोळ तुझा आहे.' भिंगरी दाराआडून ऐकत होती. ती आली आणि माझ्या गळ्यातच पडली. मी म्हटलं, हाडं मोडशील, ती कुठल्या दुकानात मिळत नाहीत.

नवरा म्हणून मी तुम्हाला दहापैकी दोन मार्क देईन, तेही नीट जेवायचात म्हणून. पण पोरीकडून जे घोकून घेतलंत, त्याने तिचा डोळा वाचला. हे मी तोंडाने कुणासमोर म्हणणार नाही. एकदाच लिहिते.

रविवारी या. दहा म्हणजे दहा. बंदूक कशी चालू केली ते पोरगी सांगेल. तिला सांगू द्या, मध्येच हातातून घेऊन हुशारी दाखवू नका. बाटली काढल्यावर पोटातली हवा कशी सोडायची ते मात्र शिकवा, आणि शिकवताना ओरडू नका. ओरडायचं असेल तर मी वरच्या खोलीत आहे.

दार मी उघडणार नाही. माझी लेक उघडेल. 'कशी आहेस' एवढं विचारा, आणि ती उत्तर देईपर्यंत तिथेच थांबा. वेळ लागेल.

जिच्या बोटाने उडाली ती,
तुमची सासू